‘थोडं रिच बरं’ म्हणणाऱ्यांना

‘थोडं रिच ठेव. लीन झालं तर पिस्टन जाईल, रिच झालं तर फार तर चार लिटर पेट्रोल जाईल.’ जुन्या स्पोर्ट्स कारच्या उघड्या इंजिनाभोवती चार माणसं जमली की त्यांतला एक जण हे म्हणतोच, आणि उरलेले तिघं माना डोलावतात. म्हणणारा बहुधा अनुभवी असतो, नखांत काळं गेलेलं असतं, म्हणून त्याला उलट विचारायला जीभ रेटत नाही. आज रेटतो. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या इंजेक्शनच्या गाड्यांपुरतं बोलायचं, तर हा सल्ला चुकीचा आहे. नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता. पण तो शहाणपणाच्या वेशात फिरतो, त्याच्या नादानं चांगली इंजिनं वर्षानुवर्षं आजारी राहतात, आणि शेवटी खापर फुटतं ते इंजेक्शनच्या माथ्यावर.

आधी समोरच्याच्या पदरात त्याचं माप टाकतो. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा यापेक्षा जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाला १४.७ परवडत नाही. तिथे साडेबारा ते तेराच्या आसपासचं मिश्रण लागतं, कारण ताकद त्यात सगळ्यांत जास्त मिळते आणि जास्तीचं पेट्रोल आतली थोडी उष्णताही शोषून घेतं. भाराखाली मिश्रण लीन राहिलं तर नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. हे सगळं कबूल. पण हे सगळं पूर्ण थ्रॉटलचं आहे, आणि तुम्ही स्क्रू फिरवता तो आयडलिंगला, गाडी गॅरेजमध्ये न्यूट्रलला उभी असताना.

या स्क्रूचा हात कुठवर पोचतो हे पाहायचं तर यंत्र उघडावं लागेल. उदाहरणाला पोर्शे ९११ घेतो. बॉशची के-जेट्रॉनिक ही इंजेक्शनची पद्धत अमेरिकेला जाणाऱ्या ९११ टी मध्ये १९७३ च्या जानेवारीत आली, आणि १९७८ ते ८३ या मॉडेलवर्षांतल्या तीन लिटरच्या ९११ एससी मध्ये तीच होती. ‘के’ हे ‘अखंड’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचं आद्याक्षर. इथे इंजेक्टर विजेवर टिकटिकत नाहीत. इंजिन चालू आहे तोवर सहाही इंजेक्टर सतत फवारत असतात, प्रश्न फक्त किती फवारायचं एवढाच. आणि तो ‘किती’ ठरवणारं यंत्र म्हणजे जवळजवळ वाण्याचा तराजू आहे. आत येणारी हवा एका गोल थाळीला वर उचलते. थाळी एका दांडीच्या टोकाला बसवलेली, दांडी फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधल्या प्लंजरला वर ढकलते, आणि प्लंजर जितका वर जाईल तितक्या त्याच्याभोवतीच्या बॅरलमधल्या सहा बारीक चिरा उघडतात. जितकी चीर, तितकं पेट्रोल. प्लंजरच्या डोक्यावर मात्र पेट्रोलचाच दाब बसलेला असतो. त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात, आणि तो थाळीला खाली रेटतो. एका पारड्यात हवा, दुसऱ्यात हा दाब.

मिश्रणाचा स्क्रू, म्हणजे तीन मिलिमीटरच्या लांब ॲलन कीनं फिरवायचा तो, या दांडीच्या सांध्यावर असतो. तो थाळी आणि प्लंजर यांच्यामधला कोन किंचित बदलतो. थाळी आहे तिथेच, पण प्लंजर केसभर वर किंवा केसभर खाली. हा केस आयडलिंगला जेवढा, पूर्ण थ्रॉटललाही तेवढाच. रिक्षावाल्यानं मीटरच्या वर दहा रुपये मागितले तर तीस रुपयांच्या भाड्यात ते टोचतात, सहाशेच्या भाड्यात ध्यानातही येत नाहीत. तसंच इथे. आयडलिंगला प्लंजर जेमतेम उचललेला असतो, म्हणून केसभर बदलानंही मिश्रण धो-धो रिच होतं. पूर्ण थ्रॉटलला तो भरपूर वर गेलेला असतो, तिथे त्या केसाला कोणी विचारत नाही. ज्या ठिकाणी पिस्टन जाईल अशी भीती घालून तुम्ही स्क्रू फिरवलात, त्या ठिकाणी तुमचा स्क्रू जवळजवळ पोचतच नाही. पोचतो तो सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, सकाळी गाडी गरम करताना, जिथे पिस्टनला मुळात काही धोका नव्हता.

मग वरचं मिश्रण कोण सांभाळतं? एक म्हणजे थाळी ज्या नरसाळ्यात बसते, त्याचा आकार. त्याचा उतार सगळीकडे सारखा नसतो. कुठे उभट, कुठे पसरट. आयडलिंग, मधला भार आणि पूर्ण भार यांना आपापलं मिश्रण मिळावं म्हणून कारखान्यानं तो हिशेब धातूतच घालून ठेवला आहे, तिथे तुमचा-आमचा पाना चालत नाही. दुसरं म्हणजे कंट्रोल प्रेशर. ते वॉर्म-अप रेग्युलेटर ठरवतो. त्याच्या आतली द्विधातूची पट्टी विजेवर आणि इंजिनाच्या उष्णतेवर तापत जाते. इंजिन थंड असताना दाब कमी, थाळी सहज उचलली जाते, मिश्रण रिच. पट्टी तापली की दाब चढतो आणि साधारण साडेतीन बारच्या आसपास स्थिरावतो. हा दाब तराजूचं पारडंच बदलतो, म्हणून त्याचा परिणाम खालपासून वरपर्यंत सगळीकडे होतो.

आता समजा, रेग्युलेटर बिघडला आणि गरम इंजिनाचा दाब असावा त्यापेक्षा चढा राहिला. मिश्रण सगळीकडेच लीन झालं. आयडलिंग अडखळायला लागलं, गाडी गॅरेजमध्ये आली, स्क्रू रिचकडे फिरला, आयडलिंग लोण्यासारखं झालं. मालक खूश, मिस्त्री खूश. आता त्या एकाच इंजिनाचे दोन संसार बघा. सिग्नलला तुपाशी, हायवेवर भाराखाली उपाशी. लीनपणा जिथे कानाला ऐकू येत होता तिथे तुम्ही तो बुजवलात, आणि जिथे ऐकू येत नाही पण पिस्टन जाळतो तिथे तसाच ठेवलात. पिस्टनची काळजी करणाऱ्या माणसानं याहून वाईट काय करावं? दाब मोजायला एक प्रेशर गेज, एक कॉक आणि दोन नळ्या पुरतात. तरी स्क्रूपाशी आधी हात जातो, कारण स्क्रू समोर दिसतो.

दुसरं नेहमीचं दुखणं चोरट्या हवेचं. थाळीला न उचलता मागच्या दारानं आत शिरलेली हवा मोजली जात नाही, म्हणून तिच्या वाट्याचं पेट्रोलही येत नाही. चिरलेली रबरी नळी, सैल क्लिप, इंजेक्टरच्या बुशाची कडक झालेली ओ-रिंग, काहीही पुरतं. ९११ मध्ये ऑइल भरायच्या झाकणाचं गॅस्केटसुद्धा पुरतं, कारण क्रँककेसचा श्वास इनटेकला जोडलेला आहे. चालू इंजिनाचं ते झाकण काढलं की इंजिननं अडखळायला हवं. ते ढिम्म राहिलं, तर बहुधा चोर आधीच घरात आहे.

इथे स्क्रूवाल्यांचं दुर्दैव असं की त्यांचा उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. चोरटी हवा आयडलिंगला सगळ्यांत जास्त सतावते, कारण तेव्हा थ्रॉटलच्या मागे व्हॅक्यूम जोरात असतो. स्क्रूही तिथेच सगळ्यांत जास्त बोलतो. दोन चुका एकमेकींच्या मापात बसतात आणि सगळं ठीक झाल्याचा भास होतो. पण ओ-रिंग एका सिलिंडरची कडक झालेली असते, सहांची नाही. स्क्रू मात्र सहाही सिलिंडरना पेट्रोल वाढवतो. म्हणजे एकाची भूक जेमतेम भागते आणि पाच जणांना अजीर्ण होतं. पीयूसीचा माणूस सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो तेव्हा त्याला जो कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मिळतो, तो या सहा जणांच्या जेवणाची सरासरी असतो. सरासरी छान येऊ शकते. सरासरीनं घरात कोणाचं पोट भरत नाही.

‘मीटरपेक्षा कान बरा’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण अर्धंच आहे. कान मोलाचा आहे, हातही. आयडलिंगला थाळी बोटानं किंचित उचलून पाहणं ही जुनी, सुंदर चाचणी आहे. उचलल्यावर इंजिन फुललं तर मिश्रण लीन होतं, गळाठलं तर रिच. मीटर नसलेल्या माणसानं ती जरूर करावी. पण नुसत्या कानावर सेटिंग करणाऱ्याला एक गोष्ट कोणी सांगत नाही: आयडलिंग सगळ्यांत गोड लागतं ते किंचित रिच मिश्रणाला. कान तुम्हाला नेहमी एकाच बाजूला ओढतो. दर सर्व्हिसला थोडं गोड, पुढच्या सर्व्हिसला आणखी थोडं गोड, असं करत पाच वर्षांत काय होतं ते स्पार्क प्लगच्या काजळीवरून कळतं. आणि प्लगवरून निदान करायचंच, तर तेही जपून. गाडी गल्लीतून रांगत गॅरेजपर्यंत आणली आणि प्लग काढला, तर तो तुम्हाला गल्लीतलं मिश्रण सांगेल, हायवेवरचं नाही.

‘फार तर पेट्रोल जाईल’ हे वाक्याचं दुसरं अर्ध. पेट्रोल जातं ते कुठे जातं, हे विचारायला नको का? १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचं उदाहरण घ्या. त्या गाडीत यांत्रिक पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडायचा, आणि इग्निशन बंद केल्यावरही इंजिन पूर्ण थांबेपर्यंत सोडतच राहायचा. हे न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरायचं. जवळच्या जवळ फिरवलेल्या गाडीत ऑइल इतकं पातळ व्हायचं की ते फार लवकर बदलावं लागायचं. ते त्या रचनेचं दुखणं होतं. तुम्ही मात्र स्वतःच्या हातानं ते धडधाकट इंजिनाला लावता, थोडं थोडं, रोज. पिस्टन रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलऐवजी पेट्रोल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतं आणि तो आतून वितळू शकतो. वर घाट चढून दीड हजार मीटरवर गेलात की विरळ हवेत ही पद्धत, उंचीची भरपाई करणारा रेग्युलेटर नसेल तर, आपसूकच आणखी रिच होते. तुमचं ‘थोडं’ तिथे थोडं राहत नाही.

अमेरिकेसाठी बनलेल्या एससीत १९८० च्या मॉडेलवर्षापासून ऑक्सिजन सेन्सर आला. तिथे एक झडप सेकंदाला अनेकदा उघडझाप करून मिश्रण स्वतः सावरते. मीटर लावला तर तिच्या उघडझापीचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास डोलताना दिसायला हवं. ते डोलतं याचा अर्थ यंत्र स्वतःचा तोल शोधतं आहे. त्या गाडीत ‘थोडं रिच’ केलं की यंत्र ते परत लीन करतं, तुम्ही आणखी रिच करता, आणि शेवटी बिचारी झडप एका टोकाला जाऊन अडकते. तिथे सेन्सरची तार काढून, कन्व्हर्टरच्या आधीच्या नळीतून वायू घेऊन आकडा लावायचा असतो. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

बॉशच्या विजेवरच्या एल-जेट्रॉनिकवाल्यांचीही तीच कथा, फक्त पाना वेगळा. १९७५ ची डॅटसन २८० झेड किंवा अल्फा रोमिओची जीटीव्ही ६ घ्या. त्यांच्या हवा मोजणाऱ्या पेटीचं काळं झाकण कापून आतलं दातेरी चाक दोन दाते सरकवणारे बहाद्दर आहेत. गाडी रिच का झाली, हे कोणी पाहत नाही. बरेचदा कारण असतं पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या गंजलेल्या जोडणीत. तो सेन्सर थंडीत जास्त रोध दाखवतो. गंजानंही रोध वाढतो. कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून गारठलंय, आणि तो पेट्रोल ओततो. दहा रुपयांच्या सँडपेपरचं काम, आणि आपण स्प्रिंग आवळत बसतो.

मग येतात ‘काढून टाका, कार्ब्युरेटर बसवा’वाले. त्यांचं लाडकं उदाहरण ट्रायम्फ. १९६७ च्या टीआर ५ मध्ये आणि पुढे टीआर ६ मध्ये लुकासचं यांत्रिक इंजेक्शन होतं. अमेरिकेला त्याच गाड्या कार्ब्युरेटर लावून गेल्या, आणि इंग्लंडमध्येही कित्येकांनी इंजेक्शन उपटून फेकलं. का? गाडी गरम झाली की बंद पडायची. पण बंद पडायची ती मुख्यतः सात बारच्या आसपास दाब द्यायला लावलेला विजेचा पेट्रोल पंप तापून दम टाकायचा म्हणून. ज्यांनी तेवढा पंप बदलून बॉशचा लावला त्यांच्या गाड्या मूळच्या मीटरिंग युनिटवर आजही धावतात. दुखणं पंपाचं आणि फाशी इंजेक्शनला.

फेरारीचा दाखलाही नेहमी अर्धाच दिला जातो. कार्ब्युरेटरच्या ३०८ ची युरोपातली ताकद २५५ अश्वशक्ती होती, १९८० साली के-जेट्रॉनिक आलं आणि ती २१४ वर उतरली. ‘बघा, इंजेक्शननं गाडी मारली!’ मग १९८२ च्या क्वात्रोव्हाल्व्होलेचं काय? तिच्यातही के-जेट्रॉनिकच होतं, फक्त प्रत्येक सिलिंडरला दोनाऐवजी चार व्हॉल्व्ह आले, आणि ताकद २४० वर गेली. त्या काळात प्रदूषणाच्या नियमांनी इंजिनांचे कॅमशाफ्ट आणि सेटिंग मवाळ केले होते. त्याचं पाप तराजूच्या माथी मारू नका.

आता आपल्या दारातला प्रश्न. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि दोन वर्षांत ते जवळपास सगळीकडे पोचलं. कोल्हापूर-सांगलीचा ऊस असा स्टुटगार्टच्या यंत्रात उतरला. इथेनॉलला पुरतं जळायला नऊपटच हवा लागते, कारण त्याच्या पोटात ऑक्सिजन आधीच असतो. म्हणून निव्वळ पेट्रोलवर लावलेली गाडी या इंधनावर सुमारे सात-आठ टक्के लीन होते. ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या यांत्रिक इंजेक्शनला हे कळण्याचा मार्ग नाही. इथे ‘रिच करा’ म्हणणारे जिंकल्याच्या थाटात हसतात. थांबा. सात-आठ टक्के लीन झालं ते आयडलिंगला आणि पूर्ण थ्रॉटललाही. स्क्रूनं तुम्ही फक्त खालचं टोक भराल. वरचं टोक, जिथे पिस्टन आहे, तसंच उघडं राहील. प्रमाणात झालेली घट प्रमाणातच भरावी लागते, म्हणजे कंट्रोल प्रेशर मोजून किंचित उतरवावं लागतं आणि रस्त्यावर, भाराखाली, वाइडबँड मीटर लावून पाहावं लागतं. तो मीटर वाचताना १४.७ चा हट्टही सोडा, लॅम्डाचा आकडा वाचा, कारण एक लॅम्डा म्हणजे पुरत्या ज्वलनाला लागते तेवढी हवा, इंधन कोणतंही असो.

कोणी म्हणेल, हे सगळं प्रयोगशाळेतलं बोलणं झालं. नाही, हे गॅरेजमधलंच आहे आणि जुनं आहे. के-जेट्रॉनिकच्या आधी, १९६९ ते ७३ च्या कित्येक ९११ मध्ये बॉशचा यांत्रिक पंप होता, त्रिमिती कॅमवर चालणारा. त्याच्यासाठी पोर्शेनं काढलेल्या पुस्तिकेचं नावच होतं ‘तपासा, मोजा, जुळवा’. आधी कॉम्प्रेशन, टॅपेट, टायमिंग. मग दोन कोनमापक लावून थ्रॉटल आणि पंपाचा दांडा बरोबरीनं फिरतात का ते. मिश्रण सर्वांत शेवटी. ज्यांना ‘कानानं जुळवणारे जुने लोक’ म्हणून आपण डोक्यावर घेतो, त्या जुन्या लोकांच्या हातात ही पुस्तिका होती.

माझा आतेभाऊ जर्मनीत असतो. त्याची १९८२ ची एससी, ऑक्सिजन सेन्सर नसलेली, युरोपची. आयडलिंगला छान, पण चढावर मरगळ आणि ऑइलला पेट्रोलचा वास. दोन गॅरेजांनी तपासून सांगितलं, ‘मिश्रण बरोबर आहे.’ शेवटी इनटेकमध्ये धूर सोडला. चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या बुडातून धुराची बारीक रेघ निघाली. ‘एवढ्यासाठी?’ आतेभाऊ म्हणाला. सहाही ओ-रिंगा बदलल्या, कंट्रोल प्रेशर मोजलं, ते ठीक निघालं. मग इंजिन सुरू केलं तर ते काळा धूर ओकायला लागलं. स्क्रू लीनकडे, प्रत्येक वेळी चावी बाहेर काढून, एकदा रेस देऊन, मग मीटर वाचून, असं करत करत पाव फेरा मागे आणावा लागला, तेव्हा आकडा जागेवर आला.

‘दादा, हा पाव फेरा तू दिला होतास का?’ मी विचारलं.

‘मी कशाला? मी गाडी घेतली तेव्हापासूनच ती अशी होती. विकणारा म्हणाला होता, थोडी रिच ठेवलीय, बरी असते.’